कापसाची पँट

प्राजक्ताची निवड झाल्याचं कळलं तेव्हा तिच्या वडिलांनी, प्रशांतने, अर्धा किलो मावा जिलबी आणली आणि गल्लीत वाटली. कॉलेजच्या एनसीसीतून अख्ख्या जिल्ह्यातल्या दोनच पोरी औलीला चालल्या होत्या, चौदा दिवस बर्फावर स्की शिकायला. त्या दोघींत आपली एक. मग सोबत न्यायच्या सामानाची यादी आली. मोजे, टोपी, हातमोजे, थर्मल हे सगळं इकडून तिकडून जमलं. सातव्या नंबरावर अडलं. तिथं लिहिलं होतं, 'इन्सुलेटेड स्की पँट, वॉटरप्रूफ, एक.'

"आत्या, तू गेली होतीस ना बर्फात? मग तूच चल माझ्याबरोबर," प्राजक्ता म्हणाली आणि तिने स्कूटी काढली.

अलका प्रशांतची थोरली बहीण. एकोणसाठ वर्षांची. गावातल्या शाळेत गणित शिकवायची, लग्न केलं नव्हतं, आई आणि भावाच्या कुटुंबाबरोबर राहायची. एकोणीस वर्षांची असताना तीही एनसीसीतून मनालीच्या वर सोलंगला जाऊन आली होती. चाळीस वर्षं झाली त्याला. त्या काळी बऱ्हाणपुरातून एकटी पोरगी बर्फात जाते म्हणजे काय होतं, हे आता कुणाला सांगूनही कळलं नसतं.

दोघी शनवारा चौकाजवळच्या चार दुकानांत फिरल्या. शेवटचं दुकान योगेशचं. तो अलकाचा जुना विद्यार्थी, म्हणून त्याने स्टूल दिलं, चहा मागवला आणि एक एक पँट काढून दाखवू लागला. आतून मऊ अस्तर लावलेली ट्रॅक पँट, मोटरसायकलवर घालायची रेनकोटची पँट, आणखी एक जाडजूड, जी हातात घेताच करकर वाजली.

"ये देखो मॅडम, एकदम गरम माल."

अलकाने ट्रॅक पँटच्या गुडघ्यावर चहाच्या ग्लासात बोट बुडवून टेकवलं. ओला ठिपका लगेच आत पसरला.

"योगेश, ही बर्फात बसली की पाणी पिणार."

"मॅडम, अपने यहाँ बर्फ फक्त गन्न्याच्या रसात पडतो," तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "ऑनलाइन मागवा. खरं सांगतो."

तिथंच स्टुलावर बसून प्राजक्ताने मोबाइलवर दोन पँट्स शोधल्या आणि आत्याला विचारून दोन्ही मागवल्या. एक निळी, भरगच्च. एक काळी, दिसायला साधी. घरी बघून ठरवू म्हणाली.

दोघी घरी आल्या तर पुढच्या खोलीत पलंगावर कापसाचा ढीग पडला होता.

अलकाची आई, कोकिळा, शिलाई मशीनजवळ खाली बसून निळं, जाड ड्रिलचं कापड कापत होती. ब्याऐंशी वर्षांची. डोळ्याला कमी दिसायचं, पण कात्री अजून सरळ रेघेत जायची. उभ्या जन्मात तिने अर्ध्या राजपुरा मोहल्ल्याच्या रजया आणि बाळंतविडे शिवले होते.

"समाधान आला होता निंबोल्याहून," ती मान वर न करता म्हणाली. समाधान तिच्या गावाकडच्या भावाचा, सुकलालचा मुलगा. "त्याले कापूस आणायले सांगितला होता. पह्यल्या वेचणीचा हाये. प्राजू, इकडे ये व, कंबरेचं माप दे. तुझ्या आत्याले शिवली होती, तशीच शिवते."

प्राजक्ता हसली. "आजी, लिस्टमध्ये वॉटरप्रूफ लिहिलंय."

"ते लोक लिहितात काहीबी. अलकेले इचार. तिच्या अंगावर होती. थंडी शिवली नाही पोरीले. सगळ्या पोरी जळत होत्या. एका मनालीच्या बाईने तर मागून घेतली. मागून!"

प्राजक्ताने आत्याकडे बघितलं. अलका चप्पल काढत होती. चप्पल काढायला तिला फार वेळ लागला.

पंच्याऐंशी सालच्या डिसेंबरात कोकिळाने ती पँट शिवली होती. सुकलालमामाने शेतातला कापूस डोक्यावर गाठोडं करून आणला. मायने तो पिंजून घेतला, ड्रिलच्या दोन थरांत भरला आणि वर आडव्या-उभ्या टाक्यांच्या चौकटी घातल्या, कापूस सरकू नये म्हणून. सात दिवस लागले. शेजारची मालूबाई रोज बघायला यायची. शेवटच्या दिवशी अलकाला ती घालून गल्लीत चालवलं होतं, दुपारच्या उन्हात, आणि घामाने तिचा जीव अर्धा झाला होता. बाबा पोस्टात कारकून होते. ते दाराशी उभे राहून म्हणाले होते, "हिला आता उत्तर ध्रुवावर पाठवली तरी चालेल."

आणि पहिले दोन दिवस खरंच कुणाला हेवा वाटावा अशी ऊब होती. सोलंगच्या लाकडी बराकीत रात्री बाकीच्या पोरींचे दात वाजायचे आणि अलका पँट घालून सुखाने झोपायची. तिसऱ्या दिवशी बर्फावर उतरवलं. उस्ताद यादव म्हणून एक हवालदार होते. त्यांनी पहिल्यांदा पडायला शिकवलं. पडा, उठा, पुन्हा पडा. दुपारपर्यंत कापसाने बर्फाचं पाणी पिऊन घेतलं होतं. पँट भिजलेल्या रजईसारखी जड झाली, मांड्या बधिर झाल्या. रात्री तिने ती खुंटीला टांगली. सकाळी बघते तर पँट गोठून कडक झालेली. खाली काढून ठेवली तर ती आपल्या पायांवर उभी राहिली. बराकीतल्या पोरी हसून लोळल्या. एकीने तिला सलाम ठोकला.

अलकाही हसली होती. मग संडासात जाऊन रडली होती, कारण त्या चौकटींमधले टाके तिला दिसत होते.

उस्तादांनी स्वतःची जुनी बर्फातली पँट आणून दिली. कमरेला दोरी बांधून, पाय दुमडून तिने उरलेले दिवस ती वापरली. त्याच रात्री घरी पत्र लिहिलं. 'माय, तुझ्या पँटमुळे मला थंडी वाजतच नाही. सगळ्या पोरी माझ्यावर जळतात.' बाबांनी ते पत्र घरात मोठ्याने वाचलं, मग मालूबाईला वाचून दाखवलं, मग आणखी कुणाकुणाला. अलका परत येईपर्यंत ती गोष्ट गल्लीची झाली होती. नंतर खरं सांगायला तोंड कुठून आणायचं?

तीन दिवसांनी दोन्ही पार्सलं आली. तोवर कोकिळाच्या पँटचा एक पाय भरून झाला होता.

प्राजक्ताने पाकिटं फोडली, पँट्स पलंगावर टाकल्या. कोकिळाने नुसती नजर टाकली. "असल्या प्लास्टिकात ऊब राह्यते का? अलके, सांग ना व तिले."

प्राजक्ता पेचात पडली. "आत्या, मैं क्या करूँ? आजीला वाईट वाटेल," ती हळूच म्हणाली. "बॅगेत ठेवते. घालणार नाही, पण सांगेन घातली म्हणून."

ते ऐकलं आणि अलका जागच्या जागी बसली. हेच. अगदी हेच तिने केलं होतं.

"माय," ती म्हणाली, "मशीन थांबव जरा."

कोकिळाने पाय थांबवला.

"ती पँट भिजली होती. तिसऱ्या दिवशीच. कापसाने सगळं पाणी ओढून घेतलं. मग गोठून उभीच राहिली, एका पोरीने तिला सलाम ठोकला. मी पुढचे दिवस दुसऱ्याची पँट घातली. पत्रात लिहिलं ते खोटं होतं."

प्राजक्ताची आई कविता स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात धरून उभी राहिली. कोकिळाने दोरा दाताने तोडला, सुई उशीत टोचली.

"अन् ती बाई? मागून घेतली म्हणत होती तू?"

"ती खरी. दूध घालायला यायची बराकीत. पँट वाळवून तिला दिली. ती घरात शेगडीजवळ घालून बसायची. म्हणायची, इतकी गरम चीज कधी पाहिली नाही."

"घरात," कोकिळा म्हणाली.

"हो. घरात."

म्हातारी उठली, भिंतीला धरून आतल्या खोलीत गेली आणि पांघरूण घेऊन पडली. संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला, पण मशीनवर कापड टाकून झाकून ठेवलं. अलका शाळेत गेली. फळ्यावर उदाहरण मांडताना दोनदा चुकली. चाळीस वर्षं गप्प राहिले होते, आणखी चार-दोन वर्षं राहिले असते तर काय बिघडलं असतं, असं तिला सारखं वाटत राहिलं.

दुपारी ती परतली तेव्हा मागच्या अंगणात पाणी सांडलं होतं. कोकिळा पाटावर बसली होती, समोर दोन पातेली, आणि दोन्ही पातेल्यांच्या तोंडांवर एकेक पँट ताणून बसवलेली. बसायची बाजू वर. त्यांच्या खळग्यांत पाणी भरलेलं. प्राजक्ता शेजारी मोबाइलमध्ये वेळ लावून उकिडवी बसली होती.

"आत्या, आजीने लॅब खोल दी है," ती म्हणाली.

"अर्धा तास झाला का?" कोकिळाने विचारलं. मग तिने निळ्या पँटच्या आत हात घातला. थोडा वेळ चाचपला आणि बाहेर काढून बोटं अलकाच्या गालाला लावली. गार, ओली.

"कापड चांगलं हाये. पाणी कापडातून नाही आलं. चार शिवणी जिथं मिळतात ना, तिथून आलं. सुईचं भोक हाये ते, पाण्याले रस्ता भेटतो." तिने काळ्या पँटमध्ये हात घातला. बराच वेळ आतून बोट फिरवत राहिली. "ह्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवली हाये. कोरडी हाये. ज्याने केली त्याले अक्कल हाये."

"पण ती पातळ आहे, आजी. थंडी वाजेल," प्राजक्ता म्हणाली.

आता अलकाला राहवलं नाही. ती पाण्यातच खाली बसली. "नाही वाजणार. आत थर्मल घालायचं. बर्फावर माणूस सारखा हलत असतो, घाम येतो. घाम आत राहिला तर तोच गार पडतो. हे बघ, मांडीला बाजूने चेन आहे. गरम झालं की उघडायची. आणि हे खाली, आतलं लवचीक कापड, ते बुटावर बसवायचं. नाहीतर बर्फ पायातून वर चढतो. मला चढला होता."

त्यांनी काळी पँट पुसून प्राजक्ताला थर्मलवर घालायला लावली. अलकाने तिला उकिडवं बसवलं, गुडघे छातीपर्यंत उचलायला लावले, मग सांगितलं, "पड."

"इथं?"

"इथंच. कुशीवर पड. पोटात ताण बसला तर सांग."

प्राजक्ता अंगणात धपकन पडली. कविता बाहेर आली आणि हसायला लागली. पँट कुठे ओढली नाही, चढली नाही. फक्त खांद्यावरचे पट्टे लांब होते. ते तेवढे कोकिळाने आपल्या हाताने आखडले आणि बजावलं, "पँटीले सुई लावायची नाही कुणी. पट्ट्यालेच."

निळी पँट वाळल्यावर प्रशांतने ठेवून घेतली. तो रोज पहाटे मोटरसायकलवर नेपानगरला कामाला जायचा. पावसाळा नाही तर नाही, हिवाळ्यात चालेल म्हणाला. कोकिळाने भरलेला पाय उसवला, कापूस झटकला आणि तोच भरून पायात घालायच्या दोन थैल्या शिवल्या. "बर्फात नाही," तिने प्राजक्ताला सांगितलं. "अंथरुणात."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्राजक्ता गेली. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज तुटत होता. सतरा वेळा पडले, कोपर सुजलंय, पण खाली सगळं कोरडं आहे, आणि रात्री त्या थैल्या मागायला शेजारच्या पोरी रांग लावतात. "सच्ची, आजी. खोटं नाही सांगत." कोकिळाने फोन कानाला घट्ट लावून धरला होता. ती नुसती हूं हूं करत राहिली.

त्या रविवारी दुपारी माय-लेकी गच्चीवर चटई टाकून उन्हात बसल्या होत्या. पलीकडे तापीच्या बाजूने बारीक वारा येत होता. अलका हरभऱ्याचे घाटे सोलत होती.

"अलके," कोकिळा म्हणाली, "तू तिथं काय केलं, ते मले कधी सांगितलंच नाहीस."

"सांगितलं ना. आल्यावर सगळं सांगितलं."

"नाही. तू पँटीचं सांगितलं. मले बरं वाटावं म्हणून. बाकीचं कुठं सांगितलं?"

अलकाचे हात थांबले. खरंच होतं ते. पँटची गोष्ट इतकी मोठी झाली होती की तिच्यामागे बाकीचे दिवस कुणी विचारले नाहीत, आणि तिनेही सांगितले नाहीत. सांगायला गेलं असतं तर पँट मध्ये आली असती.

"शेवटच्या दिवशी," ती म्हणाली, "उस्तादांनी आम्हाला वरच्या उतारावर नेलं. एकेकीला सोडत होते. माझा नंबर आला तेव्हा बर्फ भुरभुरत होता. खालचं काही दिसत नव्हतं. मी पुढे झुकले आणि सुटले. माय, आवाजच नव्हता कसला. नुसता पायाखालून सर्र असा. मला वाटलं, मी पडेन, आता पडेन. पण नाही पडले. खाली येऊन थांबले आणि एकटीच मोठमोठ्याने हसले. कुणी ऐकलंही नसेल."

"भ्या नाही वाटलं?"

"वाटलं. पण चांगलं भ्या होतं ते."

कोकिळा तिच्याकडे बघत राहिली. "मग पुन्हा का नाही गेली व? पुढच्या सालीबी बोलावलं होतं ना तुले?"

"बाबा आजारी होते. मग बी.एड. लागलं. मला वाटलं, तू नाही म्हणशील."

"इचारलं होतं का मले?"

"नाही."

"मी जाऊ दिलं असतं," कोकिळा म्हणाली.

खाली गल्लीत कुणीतरी केळीच्या गाडीवाल्याशी भाव करत होतं. ऊन सरकून चटईच्या कडेला गेलं होतं. कोकिळाने हाताने चटई ओढली, उन्हात घेतली, आणि आपल्या बाजूला जागा केली.

"बस इकडे. तो उस्ताद कसा होता, ते सांग. अन् त्या सलाम ठोकणाऱ्या पोरीचं नाव काय होतं?"

"तिचं नाव अमृता होतं," अलका सरकून बसत म्हणाली. "पुढे तीच माझी मैत्रीण झाली."