डाव्या हाताचा हातमोजा

काच उचलताना हातमोजे घालायचे, हा या धंद्यातला पहिला धडा. पण काच चौकटीत बसली, कडेने सिलिकॉन भरलं, की मोजा काढावाच लागतो. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं उघडं बोट या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात ओढायचं. मध्ये थांबलात की गाठ राहिली. डावऱ्याचा या कामात हात धरणारा शहरात कोणी नव्हता. नावाप्रमाणे तो डावखुरा होता आणि चालायचं ते त्याचं डावं बोट. सकाळी मतदान केंद्रावर शाई लागली होती ती नेमकी त्याच बोटाला.

शाई लावणाऱ्या बाईंनी हात पुढे करा म्हटलं आणि याने सवयीने डावा केला. एवढा बेत आखून निघालेल्या माणसाला एवढं सुचलं नाही.

घरी येऊन त्याने बोटाला थिनर चोळलं, मग पॉलिश पेपर. कातडी सोलवटली, शाई जागची हलली नाही. बायको ओट्याला टेकून बघत होती.

"अहो, मत दिलंत की दरोडा घातलात?"

"हळू बोल. तो येईल एवढ्यात."

"येऊ देत की. भावजींना सांगून टाका सरळ."

"काम झाल्यावर सांगतो."

"काम झाल्यावर!" ती म्हणाली. "आणि तोवर मी त्यांना चहा देऊ कोणत्या तोंडाने?"

भावजी म्हणजे शिडी. उंच, अंगाने वाळका, पोटमाळ्यावरचं सामान स्टुलाशिवाय काढणारा, डावऱ्याचा भागीदार. तो मूळचा वरचा, म्हणजे डोंगराकडच्या भागातला. डावऱ्या खालचा. वरच्या भागाने वेगळं व्हावं की देशातच राहावं, यावरून गेली कित्येक वर्षं रण पेटलेलं होतं आणि प्रत्येक निवडणूक त्याच एका प्रश्नावर येऊन ठेपायची. शिडीचं मत वेगळं होण्याला, डावऱ्याचं एकत्र राहण्याला.

एका निवडणुकीत दोघे जिन्यात काच घेऊन चढत असताना वाद पेटला होता. कोणी आधी हात सैल केला ते आजवर ठरलेलं नाही. काच फुटली, शिडीच्या पोटरीला टाके पडले. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यानेच तोडगा काढला होता. "तुझं एक मत, माझं एक मत. वजा केली की शून्य. मग या शून्यासाठी आपण डोकी का फोडून घ्यायची? मतदानाच्या दिवशी दोघांनी मिळून मोठं काम घ्यायचं. तू जायचं नाही, मी जायचं नाही." डावऱ्याने त्याच्या हातावर हात ठेवला होता. तेव्हापासून त्या दिवशी शहर रांगेत उभं असायचं आणि हे दोघे कुणाच्या तरी बंद दुकानात काच बसवत असायचे.

यंदा मात्र डावऱ्याची झोप उडाली होती. मुलगी वर दिलेली. तिला दिवस गेले होते. उद्या घाटात सीमा आली, तर नातवाचं तोंड बघायला परवाना काढावा लागेल, हे त्याच्या डोक्यातून जाईना. आणि नुसती मुलगीच नव्हे. नदी वर उगम पावते आणि खाली येते; तिला कुठे तोडणार, असं त्याला मनापासून वाटायचं. देश एक राहावा ही त्याची इच्छा खरी होती. पण म्हणून केंद्र उघडताच, तोंडाला मफलर गुंडाळून, चोरासारखं जावं लागलं, हेही तितकंच खरं होतं.

शिडी आला, चहा प्यायला. "वहिनी, आख्ख्या देशात शहाणे दोनच बघा," तो कप खाली ठेवत म्हणाला. "एक मी, एक तुमचा हा." वहिनी कप उचलून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

काम होतं पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात. मतदानाची सुट्टी, म्हणून डॉक्टरीणबाई किल्ली देऊन गेल्या होत्या. रुग्णांच्या बसायच्या खोलीत आडोसा करायचा, त्याच्या दोन मोठ्या काचा. जिना अरुंद. शिडी नेहमीप्रमाणे वरच्या बाजूला, उलटा चढणारा. उलटं चढणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की काच. त्याने फक्त समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि समोरच्याने सांगायचं.

"पायरी," डावऱ्या म्हणत होता. "पायरी. आता वळण. डावीकडे सरक. पायरी."

काचेपलीकडून शिडीचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर निवांत टेकलेले होते. डावऱ्याने नजर काचेच्या कडेवर ठेवली.

पहिली काच बसली. शिडीने सिलिकॉन भरलं आणि साबणाच्या पाण्याची वाटी सरकवली. "चला उस्ताद, फिरवा जादू."

डावऱ्याने उजव्या हाताचा मोजा काढला आणि उजवं बोट बुडवलं. कडेवरून ते निम्म्यापर्यंत गेलं आणि अडखळलं. गाठ.

"हे काय? जादूगार बदलला की काय?"

"डाव्याला कापलंय."

"कधी? दाखव."

"घरीच. जरासं आहे."

"जरासं असतं तर उजव्याने रांगोळी घातली नसतीस." शिडीने फळीवरचं औषधांचं खोकं उतरवलं, कापूस आणि आयोडिनची बाटली काढली. डावऱ्याला ओढून रुग्णाच्या खुर्चीत बसवलं. "मोठा आ कर. बरं, बोट तर बोट. अरे, काचेचा कण आत राहिला असेल तर पिकेल. तुझ्या या बोटावर माझंही पोट आहे. काढ मोजा."

"राहू दे ना."

"भितोस काय पोरासारखा! हलक्या हाताने लावतो." आणि तो खरोखरच हलक्या हाताने, एकेक बोट सैल करत, मोजा ओढू लागला.

डावऱ्याने हात आखडून घेतला नाही. ते आता शक्य नव्हतं.

सोलवटलेल्या कातडीवर शाई काळीकुट्ट दिसत होती. शिडीने आधी खरंच जखम शोधली. मग त्याचा हात थांबला. त्याने बाटलीचं झाकण लावलं, कापूस परत खोक्यात ठेवला.

"केव्हा?"

"सकाळी. उघडल्या उघडल्या."

"म्हणजे मी चहा पीत होतो तेव्हा हे झालेलं होतं. वहिनींना ठाऊक होतं?"

डावऱ्याने बोट मुठीत मिटलं.

"होतं. म्हणूनच चहात साखर एवढी पडली."

"पोरगी वर आहे रे, शिडी. उद्या घाटात सीमा आली तर..."

"माझी आई त्याच घाटात गेली. खालच्या इस्पितळात आणता आणता. रस्ता नव्हता म्हणून. तेव्हा देश एकच होता." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी तुला तुझी कारणं विचारत नाही. तुझ्यापाशी कारणं आहेत, मला माहीत आहे. काल सांगितलं असतंस तर? शिडी, यंदा माझ्याच्याने राहवत नाही, मी जातो, तूही जा. एवढंच."

"मग तुझंही मत पडलं असतं," डावऱ्या बोलून गेला.

आणि ते बाहेर पडल्यावर त्याला कळलं, की मुलगी, नातू, नदी, देश यांच्या तळाशी हे बसलेलं होतं. मत द्यायचं होतं, पण ते वजा होऊ द्यायचं नव्हतं.

शिडी हसला. चांगलं हसू नव्हतं ते. "हं. आता खरं बोललास."

"अजून केंद्र उघडं आहे," डावऱ्या खुर्चीतून उठला. "जा तू. मी थांबतो इथे. जा ना, देऊन ये. फिटंफाट होईल."

"वा रे वा! शेण तू खायचं आणि चूळ भरायला मी रांगेत उभं राहायचं?"

"शिडी, पाया पडतो. जा."

"नाही जायचा. तू मोडलास तो तुझा शब्द. माझा माझ्यापाशी आहे." त्याने हातमोजे चढवले. "संध्याकाळी मोजतील तेव्हा तुझ्या एकीच्या पारड्यात एक जास्त निघेल. माझ्या खिशातून काढलेलं. आता ते बोट चालव. ती गाठ काढ आधी, डॉक्टरीणबाईंनी आपलं काय वाकडं केलंय?"

डावऱ्याने डावं बोट पाण्यात बुडवलं. कड एका दमात ओढली गेली, गुळगुळीत. शिडीने वाकून पाहिली, मान हलवली. काम चोख होतं.

मग दोघे दुसरी काच आणायला खाली गेले. शिडी नेहमीप्रमाणे वरच्या बाजूला उभा राहिला, उलटा. काच उचलली.

"पायरी," डावऱ्या म्हणाला.

शिडीने मान वळवून मागे पाहिलं आणि मग पाय ठेवला. काच हलली.

"मागे नको बघूस. मी सांगतोय ना. पायरी."

त्याने पुन्हा वळून पाहिलं, पुन्हा पाय ठेवला. वळण आलं तेव्हाही तो स्वतःच बघून सरकला. दोघांचे हात भरून आले, काच कलत होती, आणि डावऱ्या आपला खालून "पायरी, पायरी" म्हणत राहिला.