मुखपृष्ठावरचा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवर जो ऐटदार सूक्ष्मदर्शक दिसतो ना, पांढरे कोट घातलेली मुलं ज्याच्याभोवती हसत उभी आहेत, तो मी. फोटो सोळा वर्षांपूर्वीचा आहे. ती मुलं आता कुठे असतील, कोण जाणे.

माझी चारही भिंगं एका कारागीर बाईंनी हाताने घासली होती. मला खोक्यात ठेवताना त्या म्हणाल्या, "बघणाऱ्याला खोटं दाखवू नकोस हो." पहिली काही वर्षं मी तो शब्द पाळला. तेव्हाच्या प्राध्यापक बाई मोठ्या कडक, पण प्रत्येकाला माझ्यापाशी बसवायच्या. कांद्याचा पापुद्रा, डबक्यातलं पाणी, डासाचा पाय, काय काय दाखवलं मी! माझ्यापुढे रांग लागायची.

बाई निवृत्त झाल्या आणि नवे विभागप्रमुख आले. एका भिंगावर बारीकसा ओरखडा पडला, तेवढं निमित्त त्यांना पुरलं. त्यांनी चारही भिंगं आपल्या टेबलाच्या खणात ठेवली, त्यांच्या जागी काळी टोपणं बसवली आणि मला काचेच्या कपाटात कुलूपबंद केलं. वर्षातून एकदा प्रवेश घेऊ पाहणारी मुलं यायची. त्या दिवशी मात्र मला झाडूनपुसून टेबलावर मांडायचे.

अशाच एका दिवशी एक चष्मेवाली मुलगी आपल्या बसचालक वडिलांबरोबर आली. तिच्या हातातल्या पुस्तिकेचे कोपरे हाताळून मऊ पडले होते.

"बाबा, हाच तो!"

"अगं, पण घराजवळचं विद्यापीठ काय वाईट आहे?"

"तिथला सूक्ष्मदर्शक बघितलात ना? खाली पुठ्ठ्याचा टेकू दिलाय."

"टेकू दिलाय म्हणजे वापरतात तरी!" वडील म्हणाले.

तिने ते कानाआड केलं आणि वाकून मला डोळा लावला. "सर, काळोखच दिसतोय."

"दिवा लावलेला नाही, बाळ," प्रमुख हसत म्हणाले. "प्रवेश घे, मग रोज बघ."

मला ओरडावंसं वाटलं. तिने त्याच आठवड्यात प्रवेश घेतला.

पहिल्या वर्षी ती सारखी किल्ली मागायची. "परीक्षा झाल्यावर बघू," असं उत्तर मिळायचं. पुस्तिकेत नावं होती त्यांतले दोन प्राध्यापक केव्हाच सोडून गेले होते. ग्रंथालय नेमकं तास सुटायच्या वेळी बंद व्हायचं. मैदानाचा फोटो होता, पण फाटकाला कुलूप. दुसऱ्या वर्षी तिने किल्ली मागणं सोडलं. तिसऱ्या वर्षी ती कपाटासमोरून मान वळवून जायची. तिची काही चूक नव्हती. गळाला लावलेलं आमिष मीच होतो, आणि हे काम मला कोणी विचारून दिलेलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी पाहुण्यांना माहिती सांगायला तिलाच उभं केलं. पुढच्या शिक्षणासाठी तिला प्रमुखांचं शिफारसपत्र हवं होतं. ते लिहून तयार होतं, माझ्या भिंगांशेजारीच, त्याच खणात. सही तेवढी राहिली होती.

सकाळी तिने मला पुसलं. काळ्या टोपणांवर तिचं बोट थबकलं आणि तिने एक टोपण काढून पाहिलं. आत भिंगच नव्हतं. तिला कळलं, याचा मला केवढा आनंद झाला!

मग दोन वेण्यांची एक मुलगी आईचा हात सोडून पुढे आली आणि वाकली. "ताई, काहीच दिसत नाही."

प्रमुख मागेच उभे होते. माझा सगळा जीव चष्मेवालीच्या ओठांवर गोळा झाला.

"दिवा लावलेला नाही," ती म्हणाली. "प्रवेश घे, मग..." तिने चष्मा काढला आणि ती तो कोटाच्या टोकाने उगाच पुसत राहिली. वेण्यावालीने पुस्तिका छातीशी धरली.

मित्रांनो, विद्यापीठ बघायला जाल तेव्हा मांडून ठेवलेल्या दिवशी जाऊ नका. एखाद्या साध्या मंगळवारी, कोणाला न कळवता जा. वस्तू किती चकचकीत आहे ते बघू नका, किती झिजली आहे ते बघा. मुलांना गाठा, पण त्यांच्यामागे कोणी उभं नसताना. आणि काळोख दिसला, तर तिथल्या तिथे दिवा लावायला सांगा.

मला त्या वेण्यावालीला हे सांगता आलं नाही, कारण मला तोंड नाही. चष्मेवालीला होतं.