हात देवाचे, गोधडी कुणाची

केडगावच्या त्या छोट्या चर्चमध्ये हंगामाचा सण म्हटला की लंकाबाईची गोधडी आलीच. ज्याच्या घरी जे पिकलं, ज्याच्या हातून जे घडलं, ते त्या दिवशी वेदीपुढं ठेवायचं आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव करायचा. कुणाचा भोपळा, कुणाची ज्वारी, कुणाची ओरडणारी कोंबडी, आणि सगळ्यात शेवटी गोधडी. पाळक नाव पुकारायचे, टाळ्या पडायच्या. मग लंकाबाई माइकपाशी जाऊन मान खाली घालून म्हणायची, "माझं काय हाय त्यात? हात देवानं दिलेत." की पुन्हा टाळ्या. खरं सांगायचं तर या दुसऱ्या टाळ्या जरा जास्तच वाजायच्या, आणि बाईला ते ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये.

यंदा पाळक नवे आले. तरुण आणि सरळ माणूस, समोरचा बोलेल ते खरं मानणारा. आदल्या रविवारी ते उपदेशात म्हणाले, "लंकाबाई दर वर्षी काय म्हणतात ते मला मंडळीकडून कळलं. फार पटलं. म्हणून यंदा लिलावात कुणाचंच नाव घ्यायचं नाही. सगळं देवाचं."

सगळी मंडळी वळून लंकाबाईकडं बघायला लागली. तिनं मान डोलावली. दुसरं करणार तरी काय? घरी जाताना मात्र तिला काही सुधरेना. आपलंच म्हणणं पाळकसाहेबांनी उचलून धरलं, मग आपल्याला बरं का वाटत नाही?

आणि यंदाची गोधडी तर काय झाली होती म्हणता! जुन्या लुगड्यांचे तुकडे, मधोमध डाळिंबी चौकोन, भोवती इतका बारीक धावदोरा की उलटी कुठली नि सुलटी कुठली ते कळू नये. बाईनं अख्खा उन्हाळा त्यात घातला होता.

सणाच्या दिवशी ती दाखवायला एक टोक पाळकांनी धरलं, दुसरं शेजारच्या भीमाबाईनं. लंकाबाई सतरंजीवर पुढंच बसली होती. श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात नोकरीला असलेला वाल्मिक सासुरवाडीला आला होता. त्यानं बोली चढवत चढवत गोधडी घेतली. टाक्यांवरून हात फिरवला आणि टोक धरून उभ्या असलेल्या भीमाबाईला म्हणाला, "मावशी, काय हात हाय तुमचा!"

भीमाबाई थबकली. पाळकांकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, आणि मान खाली घालून म्हणाली, "माझं काय हाय त्यात? हात देवानं दिलेत."

टाळ्या पडल्या. अहो, ज्यांना ठाऊक होतं त्यांनीसुद्धा वाजवल्या, सवयीनं. लंकाबाईची मात्र पंचाईत झाली. माझी म्हणावं तर इतक्या वर्षांचं बोलणं खोटं पडतं, गप्प बसावं तर गोधडी जाते. तिनंही दोन टाळ्या वाजवल्या.

प्रीतिभोजन उरकल्यावर दोघी पातेली घासायला बसल्या. लंकाबाईला राहवलं नाही.

"भीमे, असं का म्हनलीस गं?"

"मग काय म्हनायचं हुतं?" भीमाबाई खरोखरच गोंधळली. "तुमची म्हनले असते तर साहेबांनी नाव घिऊ नका म्हनलेलं. माझी न्हाई म्हनले असते तर तो इचारनार, मग कुनाची. तुमी म्हनता तेच म्हनले. चुकलं का माझं?"

लंकाबाई राखेचे हात धुऊन उठली आणि अंगणातल्या सतरंज्या आत ठेवायच्या निमित्तानं चर्चमध्ये गेली. आत कुणी नव्हतं. पहिल्या बाकावर बसली, आणि रडू आलं. रागाचं की लाजेचं, तिचं तिला कळेना.

"देवा," ती म्हणाली, "गोधडी माझी हुती. मी शिवली. लई चांगली झाल्ती. तू तर बघितलंस न्हवं?"

वेदीपुढं सांडलेली ज्वारी चिमण्या टिपत होत्या. आपण काय बोललो ते तिच्या कानांनी ऐकलं आणि ती चपापली. हात देवानं दिले, हे ती आजवर माइकवरून सगळ्या केडगावाला सांगत आली होती. ज्यानं दिले त्याच्याशी या हातांबद्दल ती आज पहिल्यांदा बोलत होती, आणि तेही तक्रार घेऊन.

उपकार मानावेत म्हणून तिनं हात जोडले. शब्द तर तोंडात तयारच होते, रोजच्या वापरातले. पण ते खरे की नुसते सवयीचे, हे काही केल्या तिला ठरवता येईना. तेव्हा जोडलेले हात सोडवून ती आपल्या ओल्या हातांकडं बघत तिथंच बसून राहिली.