छपराच्या नावाखाली

नदीपलीकडची छोटी शाळा बंद होणार, अशी कुणकुण लागल्यामुळे त्या संध्याकाळी शाळा मंडळाच्या बैठकीला हॉल गच्च भरला होता. नेब्रास्कातल्या त्या गावात एरवी बैठकीला कुत्रंही फिरकत नसे.

अध्यक्ष ड्वाइट ऑस्ट्रँडरने ठराव मांडला. गावातल्या शाळेच्या गळक्या छपरापायी ठेकेदारावर दावा ठोकलाय, त्याबद्दल वकिलाशी बोलायचंय, तेवढ्यापुरती बैठक बंद दाराआड, लोकांनी बाहेर थांबायचं. नवी सभासद व्हर्लीन कुचेरा हिनेही हात वर केला. लोक मुकाट बाहेर गेले.

छपराचं बोलणं झटक्यात उरकलं. वकिलाने फोन ठेवला आणि ड्वाइटने टेबलावर नकाशा पसरला.

"नदीपलीकडच्या शाळेचंही आत्ताच ठरवून टाकू. लोकांसमोर नुसती रडारड होईल."

आपणच त्या माणसांना बाहेर घालवलं, हे व्हर्लीनला झोंबलं.

"ड्वाइट, हे छप्पर नाही."

"छपराखालची शाळाच आहे ना?" कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाहेर जे कारण सांगितलं, त्यापलीकडचं बोलायचं तर दार उघडून. माझी हरकत आहे. मतं घे."

मतं घेतली. चार विरुद्ध एक. हरकत फेटाळली.

"झालं समाधान? बस आता."

"बसते. बाहेर जाऊन बसते."

"व्हर्लीन, बाहेर तोंड उघडलंस तर बघ!"

"वकील जे बोलला, ते माझ्या पोटात राहील. बाकीचं कशाला लपवू?"

तिने दार उघडलं. नदीपलीकडचा म्हातारा एमिल भिंतीला टेकून उभा होता. "संपलं?"

"छपराचं संपलं. तुमच्या शाळेचं चाललंय."

कडेवर पोर घेतलेली एक बाई सरळ आत शिरली आणि पहिल्या रांगेत बसली. तिच्यामागे सगळेच.

"बैठक बंद आहे!" ड्वाइटने हातोडा आपटला.

"कशासाठी?" बाईने विचारलं.

ड्वाइटने पुन्हा हातोडा उचलला. शेजारचा सभासद कुजबुजला, "आवर रे. छपराच्या नावाखाली आज हे ठरवलं तर कोर्टात टिकायचं नाही." नकाशा गुंडाळला गेला.

पुढच्या महिन्यात भर हॉलमध्ये लोक पोटतिडकीने बोलले. तरी शाळा गेलीच, तीन विरुद्ध दोन मतांनी. पण प्रत्येक सभासदाला त्या पोरांच्या आईबापांकडे बघत आपलं मत सांगावं लागलं. ड्वाइटने व्हर्लीनशी बोलणं टाकलं. ती मात्र त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसते, आणि त्याने बैठक बंद करायचं नाव काढलं, की म्हणते, "कारण सांग. मोठ्याने, मागच्या रांगेपर्यंत जाऊ दे."