कप्तानिणीचा शब्द

लाँड्रीत चादरींच्या घड्या घालता घालता नणंद-भावजयीचा एक खेळ रंगायचा. नणंद संकट रचायची आणि वहिनी जहाजाची कप्तानीण होऊन त्याला तोंड द्यायची. नियम एकच, कप्तानिणीने दिलेला शब्द मागे घ्यायचा नाही. सुरुवातीला ही कप्तानीण अगदीच गरीब गाय होती, वादळाचीसुद्धा माफी मागायची. "अगं वहिनी, जहाज चालवतेस की सासुरवास भोगतेस?" असं टोचून टोचून नणंदेने तिला कणा दिला.

आज खेळात चाचे नुकतेच जहाजावर चढले होते, तेवढ्यात लाँड्रीचा मालक नेहमीच्या गुर्मीत आत आला. "दोघींनी आज उशिरापर्यंत थांबायचं. उद्याची सुट्टीही विसरा."

वहिनीच्या हातात चादरीचं टोक तसंच होतं. "माझे खलाशी दमलेत," ती कप्तानिणीच्या आवाजात म्हणाली. "जहाज आता बंदराला लागणार."

"काय म्हणालीस?" मालक गुरकावला. सवयीने 'चुकलं' हा शब्द वहिनीच्या ओठांवर आला, पण नियम आठवला आणि तिने तो गिळला.

नणंदेने इस्त्रीचं मशीन बंद केलं.

"नांगर टाकलाय, कप्तानीणबाई," ती म्हणाली. "चाच्याला उतरवायचं तेवढं राहिलंय."