रूसूच्या डोक्यावरचा उजेड

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. देवघरातला नव्हे, रस्त्यावरचाही नव्हे. अमेरिकेतल्या डुलुथ गावातल्या एका घराच्या तळघरात, खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीवर मी बावीस वर्षं टांगलेला होतो. आपण पुष्कळ पाहिलं, असं मला वाटायचं. पण गेल्या मार्चमधल्या एका आठवड्यात जे पाहिलं, त्याने माझी वाचाच बसली. अजून आठवलं की पत्र्याला कापरं भरतं.

मला लेम्पीआजींनी निवडलं. त्या शाळेच्या ग्रंथालयात काम करायच्या. समुद्र तिथून हजार मैलांवर, पण त्या बादलीत मीठ कालवून घरातच समुद्र करत. टाकीत प्रवाळ होते, नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे होते आणि मधल्या खडकावर एक गुलाबी समुद्रफूल होतं. आजी त्याला ‘रूसू’ म्हणत, म्हणजे त्यांच्या मायबोलीत गुलाब. फूल नावाचंच, तो जिवंत प्राणी आहे. त्याच्या आणि प्रवाळांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न शिजवतं आणि घरमालकाला जेवू घालतं. म्हणजे माझा उजेड ही शोभा नव्हती. ती त्यांची भाकरी होती.

आजींचा नेम कधी चुकला नाही. सकाळी नऊला खाली यायचं, माझ्या काचेवर साचलेलं मीठ व्हिनेगरच्या फडक्याने पुसायचं, मग बटण दाबायचं. आणि दर वर्षी माझा बल्ब बदलायचा. जुना बल्ब चांगला जळत असला तरीही! बदलला की माझ्या पत्र्यावर पेन्सिलीने तारीख लिहायच्या. अशा सतरा तारखा झाल्या. मग आजी गेल्या.

त्यांच्यामागे अर्वोआजोबांनी नेम उचलला. जहाजांत खनिज भरायच्या धक्क्यावर आयुष्य काढलेला तो राकट माणूस रोज फडकं घेऊन खाली येई आणि रूसूला म्हणे, “उठा बाईसाहेब, तुमचा सूर्य आला.” मला केवढा अभिमान वाटे!

मार्चमध्ये त्यांची मुलगी सेइया आली. हातात नवा दिवा, पाटीसारखा पातळ.

“बाबा, हा जुना दिवा आहे की भट्टी? केवढी वीज खातो!”

“तुझ्या आईने आणलाय.”

“आईने तो टोस्टरही आणला होता. तो टाकलात ना?”

“टोस्टरवर रूसू जगत नव्हती, बाई.”

पण लेकीपुढे बापाचं किती चालणार? मला उतरवलं, वायर गुंडाळली आणि समोरच्या फळीवर ठेवलं. नवा दिवा लागला. त्याचा उजेड निळा, डोळ्यांना मंद वाटणारा.

“हे काय, दिवसाढवळ्या संध्याकाळ! लेम्पीच्या वेळी कसं लख्ख असायचं,” असं म्हणत आजोबांनी त्याचं उजेड वाढवायचं चक्र पार शेवटापर्यंत फिरवलं. “हां, आता जरा दिसतंय.”

तिसऱ्या दिवशी प्रवाळांच्या कडा फिकुटल्या. चौथ्या दिवशी, मित्रांनो, ते पांढरे झाले. चुन्यासारखे पांढरे! बावीस वर्षांचा जांभळा रंग चार दिवसांत उतरला आणि मी फळीवरून नुसता पाहत राहिलो. ओरडायला मला तोंड नव्हतं.

मग रूसूने खडक सोडला. बावीस वर्षांत ती कधी हलली नव्हती. आता खडकाला चिकटलेला तिचा पाय सुटला आणि ती सावली शोधत सरकू लागली. कोपऱ्यात सावली होती खरी, पण तिथेच पाणी ओढणाऱ्या पंपाचं जाळीदार तोंड होतं.

आजोबा कॉफी घेऊन खाली आले. कप हातातून सुटला.

“सेइया! सेइया, धाव! पंप बंद कर!”

पंप थांबला. आजोबांनी कोपरापर्यंत हात घालून तिला अलगद सोडवलं. तिची एक बाजू फाटली होती. आजोबा पायरीवर बसले. “लेम्पीने एवढं एकच जितंजागतं मागे ठेवलं होतं,” ते म्हणाले, “आणि मी ते मारलं.”

“तुम्ही नाही, बाबा. दिवा मी आणला,” सेइया रडत म्हणाली.

समुद्रटाकीवाल्यांच्या मंडळाकडे उजेड मोजायचं एकच यंत्र आहे. ते घरोघर फिरतं. मंडळातल्या हॅटीबाई ते घेऊन आल्या. “शनिवारी परत हवं हं, पुढे तिघं रांगेत आहेत,” असं दारातच बजावून त्यांनी यंत्राची कांडी पाण्यात खडकापर्यंत सोडली. आकडा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

“अर्वो, अरे, हे भर दुपारचं ऊन आहे! निळा उजेड आपल्या डोळ्यांना मंद वाटतो, पण त्यांना भाजतो.”

“पण जुन्यावर तर मजेत होती ती.”

“मग जुना लाव. तोही मोजू.”

मला टांगलं. मी छाती काढून तळपलो. म्हटलं, आता कळेल सगळ्यांना! हॅटीबाईंनी आकडा पाहिला, कांडी झटकली, पुन्हा पाहिला.

“हा तर झोपलाय रे! पूर्वीचा निम्माही उरला नाही. बल्ब कधी बदललास?”

सेइयाने माझ्या पत्र्यावरची शेवटची तारीख वाचली. पाच वर्षांपूर्वीची.

“तो लेम्पीने स्वतःच्या हाताने बसवला होता,” आजोबा हळूच म्हणाले. “मी कसा काढू?”

मित्रांनो, तो धक्का सगळ्यांत मोठा. मी विझत चाललो होतो आणि मलाच ठाऊक नव्हतं! रोज थोडा थोडा मंदावलो, म्हणून कोणाला दिसलं नाही. त्या जिवांना मी पाच वर्षं अर्धपोटी ठेवलं. त्या अर्ध्या पोटावर नव्या दिव्याने एकदम पंगत वाढली.

“आता जुन्यालाच राहू दे,” हॅटीबाई म्हणाल्या. “त्यांना याची सवय आहे. नवा शेजारी लाव, अगदी मिणमिणता. दर आठवड्याला चिमूटभर चढव.”

सेइया लगेच परत गेली नाही. अकरा आठवडे राहिली. आजोबा वेलदोड्याचा गोड पाव भाजत, ती वहीत आकडे लिही. काही प्रवाळ गेले. त्यांचे सांगाडे अजून तिथे आहेत, पाहवत नाहीत. पण रूसू एके दिवशी रांगत आपल्या खडकावर परतली. आकाराने निम्मी, पण फाटल्या बाजूला इवल्या गुलाबी बोटांची झालर! ते दोन मासे पुन्हा तिच्यात घुसून लोळले, तेव्हा आजोबा लहान मुलासारखे हसले.

बाराव्या आठवड्यात मला विझवलं. मी निवेपर्यंत आजोबा थांबले. मग फडक्यात धरून तो बल्ब त्यांनी फिरवून काढला आणि आजींच्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवला. माझ्या पत्र्यावर सतराव्या तारखेखाली त्यांनी त्या दिवसाची तारीख लिहिली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आठवण जपा, पण तिच्या उजेडावर कोणाला उपाशी ठेवू नका. आणि अंधाराची सवय झालेल्या जिवाला उजेड द्याल, तेव्हा चिमटीचिमटीने द्या. रोज नऊला आजोबा आता नव्या दिव्याची काच पुसतात. फडकं मात्र तेच आहे.