जावयाची बिनखिळ्याची पॅलेटं

मिस्त्रींचा स्वभाव तसा शांत, पण पॅलेटबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की त्यांचं डोकं फिरायचं. पॅलेट म्हणजे असं काय मोठं, असं ज्याला वाटत असेल त्याने त्यांच्यासमोर एकदा बोलून बघावं. फळ्या आणि ठोकळे खिळ्यांनी जोडून केलेली ती बुटकी चौकट. तिच्यावर खोकी रचायची, तिच्या पोटाखाली फोर्कलिफ्टचे दोन लोखंडी हात घालायचे आणि माल उचलायचा. ती नसेल तर जगातलं एक खोकंही जागचं हलणार नाही, हे ते तुम्हाला चहा पाजून, समोर बसवून पटवून देतील. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. गल्लीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती, हाताखाली दोन कारागीर होते आणि पलीकडच्या काचेच्या बरण्यांच्या कारखान्याचं झाडून सगळं काम त्यांच्याकडे होतं. नवी पॅलेटं तिथे जायची, मोडकी परत यायची, मोडलेली फळी बदलून पुन्हा रवाना व्हायची.

आणि नेमका जावई मिळाला तोही पॅलेटवाला. लग्नात तसं नव्हतं. लग्नात तो पंखे विकत होता. चार महिन्यांपूर्वी त्याने नोकरी बदलली, ती अशा कंपनीत की जिथे लाकडाचा भुसा आणि ढलप्या चिकट रसायनात कालवून, तापलेल्या साच्यात दाबून एकसंध पॅलेट काढतात. त्याला फळी नाही, खिळा नाही, जोड नाही. वर सपाट पाठ आणि खाली नऊ पोकळ पाय. पहिल्या सहा महिन्यांत एक तरी मोठं गिऱ्हाईक आणलं तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार. आणि पंचक्रोशीतलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, तर बरण्यांचा कारखाना.

एवढं मात्र खरं, की त्याने चोरून काही केलं नाही. कारखान्यात पाऊल टाकण्याआधी तो शेडमध्ये आला, स्टुलावर बसला आणि सगळं सांगून टाकलं. मिस्त्री म्हणाले, जा की, तुमचं काम तुम्ही करायचं, माझं मी. एवढं मोठ्या मनाने बोलून झाल्यावर त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. जावयाला सगळं काम मिळालं तर शेडला कुलूप लागणार होतं, आणि नाही मिळालं तर लेकीच्या घरची नोकरी जाणार होती. लेकीने जाहीर केलं की आपण कोणाच्याच बाजूने नाही. मग तिने बापाला फोन करून सांगितलं की त्यांना जरा समजून घ्या, आणि नवऱ्याला बजावलं की बाबांना दुखवू नका. दोघेही तिला हो म्हणाले.

कारखान्याचं गोदाम ज्या बाई सांभाळायच्या त्यांना सगळे गोदामबाई म्हणत, आणि त्यांचा माहितीपत्रकांवर काडीचा विश्वास नव्हता. जावयाने गुळगुळीत कागदावरची रंगीत चित्रं पुढे केली तेव्हा त्यांनी ती चहाच्या कपाखाली ठेवली आणि म्हणाल्या, शनिवारी सकाळी दोघांनी बारा-बारा पॅलेटं आणा, माझ्या डोळ्यांना काय दिसतं ते मी बघते.

कंपनीचा ट्रक एक दिवस आधीच आला. जावयाचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे बारा पॅलेटं नेऊन ठेवायची कुठे? मिस्त्रींच्या बायकोने परस्पर सांगून टाकलं की आपल्या शेडमध्ये ठेवा, शेड काय परक्याची आहे का. जावयाला नाही म्हणायची तर मिस्त्रींच्या घरात सोयच नव्हती. अशी ती शुक्रवारी सकाळी त्यांच्याच दारात येऊन उतरली, आणि एकात एक पाय घालून अशी बसली की बाराचा ढीग कमरेलाही पोचेना. शेजारी मिस्त्रींची बारा उभी होती, ती त्यांच्या डोक्याला लागत होती. किती आटोपशीर आहेत हो, असं बायको कौतुकाने म्हणाली. मिस्त्री चहापर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

दुपारी जावई कागदपत्रं आणायला ऑफिसात गेला, तसे मिस्त्री त्या ढिगाकडे वळले. एक पॅलेट उचललं, ते अपेक्षेपेक्षा इतकं हलकं निघालं की त्यांचा तोल जाता जाता राहिला. कडेवरून हात फिरवला. बोटात एक कुसळ शिरेल तर शपथ. पोतं फाडणारं खिळ्याचं डोकं नाही, कीड लपेल अशी सालीची फट नाही. परदेशी जाणारं त्यांचं प्रत्येक पॅलेट, कीड मरावी म्हणून, आधी भट्टीवर पाठवून, तापवून, शिक्का मारून आणावं लागायचं. हे तर जन्मतःच भाजून निघालेलं, त्याला शिक्क्याची गरजच नव्हती. शेवटी ते पॅलेटवर चढले आणि साठीच्या माणसाने मारू नयेत अशा तीन उड्या मारल्या. पॅलेट हूं की चूं करेना. वस्तू चांगली होती. हे कबूल करताना त्यांना फार वाईट वाटलं.

मग त्यांनी ते उलटं केलं आणि वाकून खालून बघितलं. खाली फळ्याच नव्हत्या. नऊ पाय आणि मध्ये सगळं मोकळं. जमिनीवर ते खुशाल उभं राहिलं असतं. पण कारखान्यातले रॅक मिस्त्रींना पाठ होते. तिथे माल ठेवायला पुढे एक आणि मागे एक अशा दोनच आडव्या दांड्या. त्यांच्या पॅलेटला खालून फळ्या असतात, म्हणून ते दांड्यांवर ऐटीत बसतं. याचे पाय त्या दांड्यांवर टेकणार कसे? उद्या गोदामबाईंच्या देखत, बरण्या भरून वर चढवलेलं पहिलंच पॅलेट वाकडं होऊन खाली येणार होतं, आणि त्याच्याबरोबर जावयाची नोकरीही. जावयाने कारखान्याचं फक्त ऑफिस पाहिलं होतं, रॅक पाहिले नव्हते.

मिस्त्री स्टुलावर बसले. काही करायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसायचं, की शेड वाचली, कारागीर वाचले, एकतीस वर्षं वाचली. शिवाय गप्प बसणं म्हणजे काही पाप नाही. कोणी विचारलंच नाही तर माणूस सांगणार तरी काय? दहा मिनिटं ते तसेच बसून होते आणि त्या दहा मिनिटांत त्यांनी स्वतःला छान समजावलं.

मग ते उठले, कोपऱ्यातल्या लांब पट्ट्या ओढल्या आणि जावयाच्या पॅलेटांना खालून ठोकायला लागले. एकेका पॅलेटला तीन पट्ट्या, एकेका पायाला एक खिळा, आणि पायाच्या पोकळीत वर आलेलं टोक दुमडून चपटं केलेलं, कोणाच्या हाताला लागू नये म्हणून. कारागीर एकमेकांकडे बघत पट्ट्या पुरवत राहिले. चहाच्या वेळेपर्यंत बाराच्या बारा पॅलेटं रॅकवर बसण्याजोगी झाली होती. आता ती एकात एक जात नव्हती, त्यामुळे ढीग थेट त्यांच्या स्वतःच्या ढिगाएवढा उंच झाला. त्याचं मिस्त्रींना काहीच वाटलं नाही. रिकामं पॅलेट किती जागा खातं हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता. त्यांच्या लेखी पॅलेट म्हणजे भरलेलं पॅलेट. त्यांनी दोन्ही ढिगांवर मिळून एकच ताडपत्री टाकली. जावयाला सांगायचं ठरवलं होतं, पण तो परतला तो इतक्या आनंदात बोलत, की यांचं तोंड उघडलंच नाही.

सकाळी कारागिरांनी दोन्ही ढीग टेम्पोतून गोदामात नेले आणि पॅलेटं सुटी करून जमिनीवर मांडली. जावई आपल्या स्कूटरवरून परस्पर आला. नवा सदरा, आणि ऑफिसात दाखवायला मिळालेलं तेरावं पॅलेट मागे बांधलेलं. गोदामबाई खुर्ची टाकून बसल्या. बरण्यांची खोकी दोन्हीकडच्या पॅलेटांवर चढली, फोर्कलिफ्टने ती उचलली, फिरवली, ठेवली. कोणी हरेना. मग रॅक. सासऱ्याचं पॅलेट दांड्यांवर बसलं. जावयाचं वर जाताना मिस्त्रींनी श्वास रोखला होता. तेही मुकाट्याने बसलं. गोदामबाईंनी भुवया उंचावल्या. जावई असा हसत होता की जणू पॅलेट नाही, तोच वर जाऊन बसला होता.

आता आमची खरी करामत बघा, असं म्हणून तो पुढे झाला. रिकामी पॅलेटं एकात एक बसतात, साठ पॅलेटांना पंधरांची जागा पुरते, परतीचा ट्रक वाचतो, गोदाम मोकळं राहतं. बोलता बोलता त्याने एक पॅलेट दुसऱ्यावर ठेवलं. ते वरच राहिलं. त्याने दाबलं, मग गुडघा लावला. शेवटी नव्या सदऱ्यासकट तो त्यावर उभा राहिला आणि सगळ्यांकडे बघून ओशाळं हसला. फोर्कलिफ्टवाला तोंड फिरवून खोकला.

गोदामबाई उठून जवळ आल्या. पोकळ पायात वाकून बघितलं, दुमडलेल्या खिळ्यावरून बोट फिरवलं. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "खिळा असा दुमडणारा माणूस मला एकच ठाऊक आहे."

जावयाच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं ते मिस्त्रींना बघवलं नाही. पॅलेट सोडून दुसऱ्या कशाबद्दल मिस्त्री आयुष्यात दहा वाक्यं सलग बोलले नव्हते, तिथे स्वतःबद्दल सांगणार काय? त्यांनी स्कूटरवरचं तेरावं पॅलेट सोडून आणलं, फोर्कलिफ्टवाल्याला खूण केली आणि ते रिकामंच रॅकवर ठेवायला लावलं. हात मागे घेताच एका बाजूचे पाय दांडीवरून आत घसरले, पॅलेट तिरकं झालं आणि दोन दांड्यांमधून सुटून धाडकन खाली आदळलं.

"यावर बरण्या असत्या," मिस्त्री म्हणाले.

गोदामबाईंनी दोघांना उभं करून चांगलं झापलं. जावयाला म्हणाल्या, रॅक न बघता माल विकायला येणं म्हणजे पाय न बघता चपला विकणं. मिस्त्रींना म्हणाल्या, याची सगळी गंमत बिनखिळ्याची आणि एकात एक बसण्याची. तुम्ही खिळेही मारले आणि बसणंही बंद केलं, वर न भाजलेल्या पट्ट्या लावून परदेशाची वाटही अडवलीत. एका दुपारी एवढं नुकसान करायला कसब लागतं. मग खुर्चीत बसून त्यांनी निकाल सांगितला. परदेशी जाणारा माल रॅकवर चढतच नाही, थेट ट्रकमध्ये जातो, आणि तिथून पॅलेट परत येत नाही. तो सगळा जावयाच्या पॅलेटांवर. रॅकवरचा आणि जवळपासचा माल, जिथे पॅलेट पन्नास वेळा जाऊन येतं आणि दुरुस्त होतं, तो मिस्त्रींकडे. चार हिश्श्यांतला तीन हिस्से माल परदेशी होता आणि उरलेला एक, हे गोदामात सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्रींनी मान डोलावली. शेड चालू राहील, पण बरीचशी रिकामी, हे त्यांना कळलं होतं.

पट्ट्या ज्याने ठोकल्या त्यानेच काढाव्यात, असंही बाईंनी बजावलं. म्हणून गोदामाच्या ओट्यावर मिस्त्री पकड घेऊन बसले. थोड्या वेळाने जावई बाह्या सरसावून शेजारी येऊन बसला. एकामागून एक खिळे निघत होते.

"बाबा, मला वाटलं, तुम्ही मला पाडायलाच केलंत हे," तो शेवटी म्हणाला. "दहा मिनिटं तरी वाटलं."

"मलाही दहा मिनिटं तसंच करावंसं वाटलं होतं."

जावई हसायला लागला, आणि मग मिस्त्रींनाही हसू आवरेना. आतून फोर्कलिफ्टवाला डोकावून गेला.

"मग आदल्या दिवशी मला सांगायचं ना. दोन शब्दांचं काम होतं."

मिस्त्रींनी हातातला वाकडा खिळा बाजूला ठेवला. "राग आला होता तुमचा. तोंड उघडलं असतं तर त्यातून भलतंच काहीतरी बाहेर पडलं असतं. माझ्या हातांना राग येत नाही, म्हणून त्यांच्यावर सोपवलं."

जावयाने डोळे पुसले, ते घामाने की कशाने ते मिस्त्रींनी विचारलं नाही, आणि पुढची पट्टी धरून जोरात हिसका दिला.

"अरे, असा ओढू नकोस, फुटेल ते," मिस्त्री म्हणाले आणि त्याच्या हातावर हात ठेवून पकड कशी धरायची ते दाखवायला लागले.